पत्रा घेताय? मग आधी त्याच्यावरचं कोटिंग समजून घ्या (नवख्यांसाठी, पायरी पायरीने)

पहिल्यांदा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) पत्रे आणले तेव्हा मी एकदम शहाणपणा केला, पाऊस लागू नये म्हणून सगळी थप्पी प्लास्टिकच्या कागदात गच्च गुंडाळून ठेवली, आणि तीन आठवड्यांनी उघडली तर वरचे दोन पत्रे ठीक आणि आतले सगळे पांढऱ्या भुकटीने माखलेले, जणू कोणी चुना ओतलाय. मी तावातावाने फोन केला, म्हटलं माल बोगस दिलाय. समोरच्याने शांतपणे विचारलं, "झाकून ठेवले होते का?" आणि मी गप्प. पत्रे चांगलेच होते, वाट मी लावली होती. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, कोटिंग कितीही भारी असलं तरी बहुतेक वेळा ते जातं ते ओल अडकलेल्या जागी, आणि त्यातल्या निम्म्या जागा आपणच तयार करून ठेवतो.

पायरी १: गंज लागतो म्हणजे काय होतं ते बघून घ्या

एक छोटा प्रयोग करा, पाच मिनिटांचं काम आहे. साध्या लोखंडाचा तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा आणि काही तासांनी बघा. आपल्याला वाटतं थेंबाच्या कडेला हवा जास्त लागते तर तिथे लोखंड जास्त खाल्लं जात असेल, पण होतं उलटंच. लोखंड विरघळतं ते मधल्या भागात, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो, आणि कडेला ऑक्सिजन ते सुटलेले इलेक्ट्रॉन घेत राहतो. दोन्हीच्या मधे तपकिरी गंजाचं कडं तयार होतं. म्हणजे एका थेंबाखाली अख्खी बॅटरी चालू असते, पाणी ही तिची वायर आणि मीठ त्या वायरीतून करंट आणखी सोपा वाहू देणारं.

हा थेंब डोक्यात ठेवा, पुढे परत परत लागणार आहे. वॉशरखाली, दोन पत्रे एकावर एक येतात तिथे, साचलेल्या धुळीखाली, सगळीकडे हाच थेंब बसलेला असतो, ओल आहे आणि हवा कमी आहे.

आणि लोखंडाचा गंज हा सच्छिद्र आणि फुगणारा असतो, पापुद्रे निघतात, खाली नवीन लोखंड उघडं पडतं आणि काम चालूच राहतं. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड बनतं पण ते पातळ आणि घट्ट चिकटून बसतं, म्हणून तिथे गाडी थांबते.

पायरी २: कोटिंग दोन पद्धतीने वाचवतं, दोन्हीतला फरक ओळखा

पहिली पद्धत सरळ आहे, आडोसा. रंग, प्लास्टिक, कुठलाही थर जो पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू देत नाही. थर शाबूत तोवर पत्रा शाबूत, एक ओरखडा पडला की तिथून सुरुवात.

दुसरी पद्धत जस्ताची. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडतं (प्रमाणित विभव, म्हणजे ही ओढ मोजणारा आकडा, जितका जास्त उणे तितकी ओढ जास्त, जस्ताचं उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४), त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटलेले असताना ओल आली की जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला हात लावू देत नाही. चंदनासारखं झिजणं म्हणतात ना, अगदी तसंच. म्हणूनच गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर बारीक ओरखडा पडला किंवा पातळ पत्र्याची कापलेली कड उघडी राहिली तरी लगेच गंज दिसत नाही, आजूबाजूचं जस्त ती जागा सांभाळून घेतं. पण हे थोड्याच अंतरापर्यंत हां, बोटभर रुंद पट्टा खरवडून टाकला तर जस्त तिथवर पोचत नाही.

याच्या उलटं उदाहरण म्हणजे डब्यांचा टिनप्लेट, म्हणजे टिनचा (कथलाचा) पातळ थर दिलेला लोखंडी पत्रा. टिन लोखंडापेक्षा कमी सक्रिय, त्यामुळे ते फक्त आडोसा देतं, आणि उघड्यावर पडलेल्या डब्याला चरा पडला की टिनच्या सोबतीने लोखंड उलट जास्त जोरात गंजतं. दोन्ही पत्रे चंदेरी, दोन्हीवर धातूचाच थर, पण चरा पडल्यावर दोघांचं वागणं अगदी वेगळं. म्हणून नुसतं "कोटिंग आहे ना" यावर समाधान मानू नका.

तशी ही कल्पना जुनी आहे. १७४२ साली मालुआं नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायची पद्धत मांडली, १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला वाचवायला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून बघितले, आणि १८३७ मध्ये सोरेल या फ्रेंच इंजिनिअरने गॅल्व्हनायझिंगचं पेटंट घेतलं. नाव पडलं ते गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञावरून, विजेने मेलेल्या बेडकाचे पाय हलवून दाखवणाऱ्या.

पायरी ३: बाजारात काय काय असतं

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे आपला जीआय पत्रा. साफ केलेली पत्र्याची पट्टी साधारण ४५० ते ४६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून सलग जाते (जस्त वितळतं ४१९ अंशाच्या आसपास), बाहेर येताना हवेच्या झोताने जादा जस्त उडवतात, त्या झोतावरच थर किती जाड राहणार ते ठरतं. जुन्या पत्र्यांवर ती चकचकीत फुलांसारखी नक्षी असायची, स्पँगल, ती मुख्यतः जस्तातल्या शिशासारख्या धातूंमुळे यायची. अजूनही लोक फुलं मोठी म्हणजे पत्रा भारी असं समजतात. नाही हो, नक्षीचा आणि टिकण्याचा काही संबंध नाही.

गॅल्व्हॅल्यूम किंवा ॲल्यु-झिंक, ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३.५ टक्के जस्त आणि दीड टक्का सिलिकॉन, हे सगळं वजनाने. अमेरिकेत १९७२ पासून व्यापारी उत्पादन सुरू झालं. ॲल्युमिनियम आडोसा देतं, जस्त झिजायचं काम करतं, उघड्या छपरावर साध्या जस्तापेक्षा चांगलंच जास्त टिकतं, पण याला काही पथ्यं आहेत ती पुढे येतील. कापलेली कड सांभाळण्यात मात्र साधं जस्त याच्यापेक्षा उजवं.

झिंक-ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम हे त्यामानाने नवीन. मॅग्नेशियममुळे कापलेल्या कडेवर एक दाट संरक्षक थर पसरतो, त्यामुळे कडा फार छान टिकतात. सोलर पॅनलचे सांगाडे वगैरे ठिकाणी दिसेल.

गॅल्व्हॅनील्ड म्हणजे जस्त लावून परत तापवलेला, जस्त आणि लोखंड एकमेकांत मुरलेला, राखाडी मॅट दिसणारा, रंग धरायला आणि वेल्डिंगला सोपा, मुख्यतः गाड्यांसाठी. इलेक्ट्रो गॅल्व्हनाइज्डचा थर फार पातळ असतो, आतल्या वापराला किंवा रंगाखाली ठीक, उघडा बाहेर लावू नका.

आणि कलर कोटेड, म्हणजे वरच्यापैकी कुठल्यातरी धातूच्या थरावर कारखान्यातच भाजलेला रंग, साधारण ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रायमर आणि त्यावर २० मायक्रॉन वरचा रंग, पाठीमागे पातळ बॅक कोट. यात पॉलिएस्टर सगळ्यात साधा, सिलिकॉन मॉडिफाइड पॉलिएस्टर त्याच्या वर, आणि उन्हात रंग फिका पडू नये असं वाटत असेल तर पीव्हीडीएफ (फ्लोरिन असलेल्या प्लास्टिकचा रंग). इथे नवखे हमखास फसतात, रंग बघून पत्रा घेतात आणि खाली धातूचा थर किती ते विचारतच नाहीत. रंग गेल्यावर पत्रा वाचवणार कोण? ते खालचं जस्तच ना.

पायरी ४: नाव नको, आकडा विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, जरा सावकाश वाचा.

कोटिंग मोजतात ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, बोलताना सगळे जीएसएम म्हणतात. झेड २७५ म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला त्याचं निम्मं, १३७.५ ग्रॅम. जस्ताची घनता घन सेंटीमीटरला ७.१४ ग्रॅम, भागाकार केला की थर येतो साधारण १९ मायक्रॉन. साधा छापायचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे कागदाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढ्या थरावर तुमच्या पत्र्याचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे. झेड १२० घेतलात तर जेमतेम ८ मायक्रॉन.

आता एझेड १५० बघा, एझेड म्हणजे ॲल्यु-झिंक. नवीन माणूस म्हणतो १५० पेक्षा २७५ मोठा, मग जीआयच घेऊ. पण ॲल्यु-झिंक हलकं असतं, घनता ३.७५ च्या आसपास, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅममध्येसुद्धा एका बाजूला २० मायक्रॉन बसतात. म्हणजे जाडी जवळपास सारखीच. वेगवेगळ्या कोटिंगचे जीएसएम थेट एकमेकांशी तोलायचे नाहीत, आधी मायक्रॉन काढायचे.

दुसरा गोंधळ पत्र्याच्या जाडीचा. अर्धा मिलिमीटर म्हणाले तर तो कोटिंग आणि रंगासकट की नुसतं स्टील, हे विचारा, आणि उत्तर तोंडी नको, मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर बघा. जमलं तर कोटिंग मोजायचं छोटं चुंबकीय गेज मिळतं ते वापरा, पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉन दाखवतं, चार-पाच ठिकाणी टेकवून सरासरी घ्या. कलर कोटेडवर मात्र ते जस्त आणि रंग मिळून एकच आकडा देतं हे ध्यानात असू द्या.

माहितीपत्रकात "सॉल्ट स्प्रे इतके तास" असं लिहिलेलं दिसेल. ती टेस्ट म्हणजे ३५ अंशाच्या पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा. दोन बॅचची तुलना करायला ठीक आहे, पण त्या तासांना कुठल्यातरी आकड्याने गुणून वर्षं काढून देणारा माणूस भेटला तर हसून सोडून द्या. खऱ्या हवेत पत्रा भिजतो आणि सुकतो, त्या सुकण्यातच जस्तावर कार्बोनेटचा संरक्षक थर बसतो, पेटीत ती संधीच मिळत नाही.

पायरी ५: जागा बघा, मग थर ठरवा

हवेची गंजवण्याची ताकद मोजायला आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात सी-१ ते सी-५ आणि त्यापुढे सीएक्स असे वर्ग आहेत. सी-१ म्हणजे कोरडी बंद खोली, सी-५ म्हणजे समुद्रकाठ किंवा जबरदस्त प्रदूषण. मधल्या सी-३ मध्ये जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं आणि उघडं स्टील २५ ते ५०. सी-५ मध्ये जस्त ४.२ ते ८.४, आणि स्टील ८० ते २००.

आता आपल्या १९-२० मायक्रॉनला भागा. सी-३ मध्ये साडेनऊ वर्षांपासून ते २५ च्या पुढे, आणि तोच पत्रा सी-५ मध्ये अडीच ते पाच वर्षं. पत्रा तोच, बिल तेच! म्हणून "हा पत्रा किती वर्षं टिकेल" या प्रश्नाला जागा न विचारता उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. समुद्राजवळ असाल तर नुसत्या जस्तावर विसंबू नका, जाड धातूचा थर आणि त्यावर चांगला रंग असं दुहेरी घ्या. उन्हापावसाचं ढोबळ गणित आहे हे, पण झिजायचा वेग साधारण ठरलेला असतो, त्यामुळे थर दुप्पट तर आयुष्यही जवळपास दुप्पट.

जनावरांचा बंदिस्त गोठा, खताची कोठी, अशा जागी अमोनिया आणि ओल असते, तिथे ॲल्यु-झिंक उघडं लावू नका. ओल्या सिमेंटशीसुद्धा त्याचं पटत नाही, सिमेंटच्या अल्कलीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तेव्हा भिंतीत पत्र्याचं टोक चिणायचं असेल तर मधे काहीतरी आडवं घाला.

पायरी ६: आणल्यावर पहिले काही दिवस

माझी चूक इथलीच. दोन पत्र्यांच्या मधे पाण्याचा पडदा अडकला, हवा जाईना, म्हणजे तोच पायरी १ मधला थेंब, फक्त पत्र्याएवढा मोठा. कार्बोनेट बनायला मोकळी हवा लागते, ती नसली की नुसतं झिंक हायड्रॉक्साइड बनत राहतं, तीच ती पांढरी भुकटी, व्हाइट रस्ट. पाऊसच पडायला हवा असंही नाही, रात्री गार झालेल्या थप्पीत दव धरतं तेवढं पुरतं. कारखान्यात पत्र्यावर पॅसिव्हेशनचा (जस्त लवकर झिजू न देणाऱ्या रसायनाचा) पातळ हात किंवा तेल देतात ते याच काळासाठी, पण त्याला मर्यादा आहे.

तर, थप्पी जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर, एक टोक थोडं वर म्हणजे पाणी निथळेल, वर झाकण पण बाजूंनी हवा खेळती. माल भिजून आलाच तर त्याच दिवशी पत्रे सुटे करून पुसा, उद्यावर ढकललं की गेलं. भुकटी हलकी असेल तर नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने काढा, तारेचा ब्रश नको, तो जस्तच काढतो. खाली काळपट दिसलं तर घाबरू नका, तपकिरी दिसलं तर मात्र जस्त संपलंय.

पायरी ७: कापणं, भोकं, स्क्रू

ग्राइंडरने पत्रा कापू नका. कळतंय मला, हाताशी तोच असतो, पण त्याच्या उष्णतेने कडेचं जस्त आणि रंग जळतो, आणि ज्या ठिणग्या उडतात ते तापलेल्या लोखंडाचे कण असतात, ते शेजारच्या चांगल्या रंगात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात पत्र्यावर देवीचे व्रण आल्यासारखे ठिपके उमटतात. हाताची कात्री, निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार), किंवा पत्र्यासाठीची थंड कापणारी करवत वापरा. ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून टाका, वर चढलोय तर उद्या एकदमच झाडू असं करू नका.

खुणा मार्करने करा. शिसपेन्सिल नको, विशेषतः ॲल्यु-झिंकवर, कारण पेन्सिलीतलं ग्राफाइट करंट वाहतं आणि काही महिन्यांनी तुमची रेघ पत्र्यावर कोरल्यासारखी दिसते. मला हे कोणी सांगितलं तेव्हा खोटं वाटलं होतं, मग स्वतःच्याच अक्षरात "उजवी बाजू" कोरलेलं वाचलं.

स्क्रू पत्र्याच्या तोडीचा घ्या, पत्रा वीस वर्षांचा आणि स्क्रू दोन वर्षांचा असं झालं की गंज स्क्रूपासून सुरू होतो आणि पत्रा बदनाम होतो. आवळताना रबरी वॉशर कडेला जरासा फुगला की थांबा, पिळून बाहेर आला तर तो उन्हात तडकणार आणि पाणी आत बसणार. तांबं गॅल्व्हनाइज्डच्या वरच्या बाजूला कुठेही नको, तांब्याच्या पाइपावरून येणारं पाणीसुद्धा जस्त खातं. शिशाची पट्टी ॲल्यु-झिंकला लावू नका.

वेल्डिंग करावंच लागलं तर त्या जागेचं जस्त आधी घासून काढा, कारण ते ९०७ अंशाला उकळतं आणि त्याचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा हवा खेळती ठेवा आणि योग्य मास्क लावा. नंतर ती जागा झिंक-रिच प्रायमरने भरा. हा प्रायमर काम करतो कारण वाळलेल्या थरात जस्ताची पूड इतकी ठासून असते की कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकलेले राहतात, म्हणून तो स्वच्छ उघड्या लोखंडावरच मारायचा, गंजावर किंवा जुन्या रंगावर मारला तर तो नुसताच राखाडी रंग.

पायरी ८: नंतर रंगवायचं असेल तर

नव्या जीआय पत्र्यावर साधा ऑइल पेंट थेट मारला की वर्षा-दोन वर्षांत त्याचे सोललेले पापुद्रे लोंबतात, कारण रंगातलं तेल आणि जस्त मिळून मधे साबण तयार होतो, अक्षरशः साबण. आधी डिटर्जंटने तेल काढा, स्वच्छ धुवा, बारीक पेपरने हलकेच खरखरीत करा (जस्त उडेल इतकं नाही), मग एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला हलकेच चावून पकड घेणारा, किंवा गॅल्व्हनाइज्डसाठीचा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, आणि वर टॉपकोट. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, नाहीतर तुम्ही न दिसणाऱ्या पाण्यावरच रंग मारताय. कलर कोटेडवर ओरखडा पडला असेल तर बारीक ब्रशने ओरखड्यापुरताच टचअप करा, हातभर पसरवू नका, तो हवेत वाळणारा रंग उन्हात वेगळा फिका पडतो आणि ठिगळ लांबून दिसतं.

पायरी ९: वर्षातून एकदा फेरी

पावसाने धुतला जाणारा भाग स्वतःची काळजी घेतो. बिघडतो तो आडोशाचा भाग, वळचणीखाली, पन्हाळीच्या आत, सोलर पॅनलखाली, जिथे मीठ आणि धूळ बसते पण पाऊस धुवत नाही. तिथे साध्या पाण्याचा पाइप मारा, समुद्राजवळ असाल तर जास्त वेळा. पन्हाळीतला पाला काढा, ओला पाला म्हणजे महिनोन्‌महिने न सुकणारा तोच थेंब.

दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्याच्या खालच्या कडेवर बॅटरी मारून बघा. आणि कुठे तपकिरी डाग दिसला की लगेच रंगाचा डबा उघडू नका, आधी ओल्या फडक्याने पुसून बघा. निघाला तर तो वरून आलेला कीस किंवा स्क्रूचा ओघळ, झाडा आणि स्क्रू बदला. नाही निघाला, बोटाला खरखरीत लागला, तर तो खालून आलाय, तिथे चकचकीत धातूपर्यंत घासा आणि झिंक-रिच लावा, त्याच आठवड्यात.